सिग्नल केबिन : एका शिस्तीचे स्मारक



पैनगंगेकाठच्या मेहकरात आगगाडीच्या सिग्नल केबिनवर व्याख्यान व्हावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. मेहकरला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची जिल्ह्याची मागणी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तरीही याच बुलढाणा जिल्ह्यात 1870 साली, कापसाच्या वाहतुकीसाठी, जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. त्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. रेल्वेचा वारसा हा म्हणूनच या जिल्ह्याचाही विषय आहे.

स्थानकाच्या टोकाला दुमजली, वर काचेच्या खिडक्या असलेली छोटी इमारत म्हणजे सिग्नल केबिन. वरच्या मजल्यावर लिव्हरची रांग असे. तांबडे लिव्हर थांब्याच्या सिग्नलचे, काळे सांध्यांचे. लिव्हर ओढला की तारेने सिग्नल हाले आणि लोखंडी दांड्यांनी रुळांचा सांधा बदले. खरी करामत मात्र खालच्या मजल्यावर होती. तेथील पट्ट्या व खाचा लिव्हरना परस्परांशी बांधून ठेवीत. सांधा योग्य जागी बसून पक्का झाल्याखेरीज सिग्नल पडतच नसे. एकदा सिग्नल दिला की सांधा हलत नसे. 1856 साली इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी यांनी या आंतरबंधनाचे पेटंट घेतले. माणूस थकेल, गोंधळेल, घाई करील, हे गृहीत धरून त्याच्या हातून अनर्थ होऊ न देणारी ही व्यवस्था होती.

इंग्लंडने या वारशाचे मोल ओळखले. यांत्रिक केबिन झपाट्याने बंद होणार हे दिसताच तेथील रेल्वे आणि वारसा संस्थेने एकत्र पाहणी केली आणि 2013 साली 26 केबिनना संरक्षित वास्तूंच्या यादीत स्थान मिळाले. श्रूसबरी येथील 1903 सालची 180 लिव्हरची केबिनही संरक्षित आहे. ती एकविसाव्या शतकातही गाड्या चालवीत राहिली. जतन आणि वापर यांत वैर नसते, हा तिचा धडा आहे.

भारतात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला 2004 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. भव्य वास्तूंकडे लक्ष जाते. केबिनसारख्या लहान, राबत्या वास्तूंना ते भाग्य क्वचितच लाभते. इलेक्ट्रॉनिक आंतरबंधन आले की केबिनला कुलूप लागते, लिव्हर भंगारात जातात. नवे तंत्र आवश्यकच आहे; जुन्यासाठी प्रवाशांची सुरक्षितता पणाला लावावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु 2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे पावणेतीनशेहून अधिक माणसे दगावली आणि चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील कामाचे दोष समोर आले. यंत्र बदलले, तरी कामाच्या शिस्तीला पर्याय नाही. ती शिस्त डोळ्यांना दिसावी, हाताला जाणवावी, यासाठी जुनी केबिन हवी.

जतनाची जाण मेहकरला नवी नाही. 1888 साली येथे शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती भूगर्भातून प्रकटली. ती परक्या सरकारच्या हाती जाण्यापूर्वीच गावाने तिची प्रतिष्ठापना केली, असे येथे परंपरेने सांगितले जाते. कायद्याची वाट न पाहता समाज उभा राहिला, म्हणून ठेवा गावातच राहिला. देवमूर्ती आणि लोखंडी लिव्हर यांची तुलना कोणी करणार नाही; पण राखण करणारी वृत्ती एकच असते.

नागपूरच्या मोतीबाग येथे 2002 पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. विदर्भात हे काम होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील युवकांनी जुन्या स्थानकांची छायाचित्रे घ्यावीत, निवृत्त सांधेवाल्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात, शाळांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या भेटीस न्यावे आणि एखादी केबिन मोडीत निघत असेल तर निदान तिची लिव्हरची चौकट जिल्ह्यात राहावी, असे निवेदन रेल्वेकडे द्यावे. सांधेवाले वृद्ध होत आहेत. लोखंड कदाचित भंगारातूनही परत मिळेल; त्यांच्या हातांतले ज्ञान एकदा गेले की परत मिळणार नाही.