मैदान सोडून जाणाऱ्या मुली
(गेवराई येथील ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस मुलींच्या शारीरिक शिक्षणावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा आहे. त्यातील एकाच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे असे आम्ही योजिले आहे. मुलींच्या सामन्यांस प्रेक्षक का लाभत नाहीत, आणि चांगल्या खेळू लागलेल्या मुली मैदान सोडून का जातात, हा तो प्रश्न होय. शहरांतून बास्केटबॉल व नेटबॉल या खेळांविषयी हीच तक्रार कानी येते. आपल्या बाजूस मुलींचे खेळ म्हणजे मुख्यतः खो-खो आणि कबड्डी. म्हणून आम्ही त्यांच्याच आधारे बोलणार आहोत.

लोक पाहावयास येत नाहीत म्हणून मुलींचा उत्साह मावळतो, असे सामान्यतः म्हटले जाते. आमच्या मते खरा क्रम उलटा आहे. मुली टिकत नाहीत, म्हणून लोक येत नाहीत. यात्रेतील कुस्त्यांच्या फडास माणूस मावत नाही, याचे कारण काय? पाहणाऱ्यास मल्लाचे गाव ठाऊक असते, त्याचा वस्ताद ठाऊक असतो, गेल्या वर्षी तो कोणत्या डावावर चीतपट झाला हेही ठाऊक असते. ओळख असते म्हणून ओढ असते. मुलींच्या संघात मात्र दर वर्षी नवे चेहरे; ओळख जडावी तोच मुलगी दिसेनाशी होते.

स्त्रियांचा खेळ लोकांस मुळी आवडतच नाही, हेही खरे नव्हे. अमेरिकेत स्मिथ कॉलेजात १८९३ साली मुलींचा बास्केटबॉलचा पहिला सामना झाला, तेव्हा तेथे पुरुष प्रेक्षकांस मज्जाव होता. त्याच देशात २०२३ च्या ऑक्टोबरात आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा एक सामना उघड्या क्रीडांगणावर झाला, त्यास ५५,६४६ प्रेक्षक लोटले. त्या संघातील प्रमुख खेळाडू केटलिन क्लार्क ही त्याच राज्यात जन्मलेली आणि त्याच विद्यापीठात चौथे वर्ष खेळणारी होती. लोकांनी तिला वाढताना पाहिले होते.

खो-खोला दोन खांब आणि सपाट जमीन यांपलीकडे फारसे काही लागत नाही. परंतु वर्षे लागतात. खांबावर सूर मारून गडी टिपणे, साखळीने पळणे, हूल देऊन पाठलाग करणारीस चुकविणे, ही कला दोन हंगामांत हाती येत नाही. राष्ट्रीय स्पर्धांत उत्कृष्ट खेळाडूस जे पुरस्कार देतात त्यांत किशोरींसाठी ‘इला’, कुमारींसाठी ‘जानकी’ आणि महिलांसाठी ‘राणी लक्ष्मीबाई’ अशी चढती नावे आहेत. आपल्याकडील मुलगी बहुधा दुसऱ्या पायरीवरच थांबते. शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या असतात. महाविद्यालयाची वाट बंद झाली की तिला खेळावयास जागाच उरत नाही.

ती वाट कोण बंद करते? पहिले कारण लग्न. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झाले होते. अठरा हा कायद्याने ठरविलेला किमान आकडा आहे. तो मुहूर्त नव्हे. दुसरे कारण ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड कारखान्याकडे निघते. शाळांच्या स्पर्धांचा हंगामही तेव्हाच ऐन भरात असतो. धाकट्या भावंडास सांभाळावयास मुलगी कोपीवर जाते आणि संघातील तिची जागा रिकामी राहते.

तिसरे कारण पुढचे दार अरुंद आहे हे होय. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून नांदत आहे. महिलांची तशी स्पर्धा २०१६ साली केवळ तीन संघांची झाली आणि पुढे चालली नाही. २०२२ साली सुरू झालेली अल्टिमेट खो-खो हीदेखील पुरुष संघांचीच.

असे असूनही या मातीचा कस लहान नाही. १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. त्या संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातील, केज तालुक्यातील कळंबअंबा होय. परंतु त्यांचा खेळ घडला तो पिंपरी-चिंचवडच्या बाजूस. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी घरच्या कमालीच्या हलाखीतही मैदान सोडले नाही. त्यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी होत्या. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यास वरच्या पातळीवरील प्रावीण्य लागते, आणि सोळाव्या वर्षी थांबलेल्या मुलीस ते कोठून लाभणार?

शासनाने काय करावे हे सांगण्यास इतर व्यासपीठे आहेत. ज्ञातीच्या हाती जे आहे तेवढेच आम्ही सुचवितो.

वधूवर मेळाव्याच्या परिचयपत्रकात ‘खेळ’ असा एक रकाना असावा. मुलगी खेळाडू आहे हे आज कित्येक घरी झाकून ठेवतात. ते अभिमानाने लिहिले जावे, आणि लग्नानंतरही ती खेळेल हे बोलणीतच ठरावे. ज्यांची मुलगी संघात आहे अशा ऊसतोड कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वी करावी. हंगामी वसतिगृहात किंवा गेवराईतील ज्ञातिबांधवांच्या घरी त्या मुलींची सोय लावावी. दहावी-बारावीच्या गुणवंतांबरोबर खेळाडू मुलींचाही सत्कार व्हावा. शालीऐवजी बूट आणि प्रवासखर्च दिला तर अधिक बरे.

शेवटची सूचना प्रेक्षकांविषयी. सामने भर दुपारी, कामाच्या दिवशी होतात. तेव्हा आपल्या भगिनी शेतात असतात. या मेळाव्याच्या आदल्या सायंकाळी मुलींचा एक सामना ठेवावा. एका बाजूस आजच्या विद्यार्थिनी, दुसऱ्या बाजूस पूर्वी खेळलेल्या लेकी-सुना. बायकांसाठी पुढची बैठक राखावी. सून पळते आहे आणि सासू पाहते आहे, असे एकदा घडले तर दुसऱ्या वर्षी बोलावणे धाडावे लागणार नाही.

गर्दी हे झाडाचे फळ आहे. मूळ म्हणजे मैदानावर टिकलेली मुलगी. त्या मुळास पाच वर्षे पाणी घालण्याचा ठराव या मेळाव्याने करावा, अशी आमची विनंती आहे.