शेतातला होला आणि पेरलेले बी



पेरणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी रानात होल्यांची जोडी टिपत फिरताना दिसते. "बी खाल्लं यांनी" म्हणून आपण दगड उचलतो. कोणी तर विष लावलेले दाणेच टाकतात. म्हणून आज या पाखराविषयी बोलू.

कुठे याला होला म्हणतात, कुठे कवडा. देवळाच्या शिखरातला पारवा तो वेगळा. होल्यांच्या आपल्याकडे तीन-चार जाती आहेत. त्यांतला फिकट राखी रंगाचा, मानेमागे काळी अर्धी कंठी असलेला होला मोठा धडाडीचा. १९०० च्या सुमारास युरोपात तो बाल्कन प्रदेशापर्यंतच होता. पुढे गावोगाव सरकत १९५५ साली त्याने इंग्लंडात घरटे केले. १९७४ मध्ये बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटलेल्यांची प्रजा आज अमेरिकेतही पसरली आहे. माणसाची वस्ती, धान्य आणि एखादे झाड मिळाले की याचे भागते.

घरटे मात्र बघावे! चार काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झाले. खालून कधी कधी अंडीसुद्धा दिसतात. अंडी दोनच, पांढरी. नर-मादी आळीपाळीने बसतात आणि साधारण पंधरा दिवसांत पिल्ले निघतात. पहिले काही दिवस पिल्लांना दाणा नाही. आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीत चक्क्यासारखे दाट दूध तयार होते, ते पाजतात. नरसुद्धा पाजतो, बरं का! विष खाऊन मोठे पाखरू मेले, तर मागे घरट्यातली पिल्लेही उपाशी मरतात.

आता तुमच्या बियाण्याचे. होला कोंबडीसारखा पायाने माती उकरत नाही. चोचीने वरवर चाळतो आणि उघडे दिसेल ते टिपतो. वर्षाचा बराच काळ तो तणाचे बी आणि कापणीनंतर रानात गळालेले दाणेच खातो. तेव्हा पाभरीमागे फळी फिरवून बी नीट झाका. वळणावर पाभर उचलताना सांडलेले दाणेच त्याला बोलावतात. ते हाताने मातीआड करा. सोयाबीन, कडधान्याची कोवळी दळे वर येताना मात्र तो चोच मारतो, हे खरे. तेवढे आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ राखण हवी. चमकणारी फीत ताणून बांधली तर पाखरे बिचकतात, पण ती रोजची झाली की भीत नाहीत. म्हणून फितीची जागा बदलत राहा.

विषाचे दाणे टाकू नका. ते होला खाईल, तशी तुमची कोंबडीही खाईल. शिवाय विष घालून वन्य पाखरे मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. औषध चोळलेले बी उरले तर बांधावर फेकू नका, विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरा. रिकामी पिशवी घरात धान्याला वापरू नका.