केबिनमधला पहारा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी म्हसोबाची यात्रा भरते. तिथल्या बैलबाजारात माझे वडील एका खोंडाचा सौदा ठरविण्यात गुंतले असताना मी, शहापूरहून त्यांच्याबरोबर आलेला दहा वर्षांचा मुलगा, तंबू-सिनेमाच्या कनातीला पडलेल्या फटीस डोळा लावून उभा होतो. आत बोलपट चालू होता. परंतु माझे चित्त वेधले ते ट्रकमध्ये उभ्या केलेल्या यंत्राने आणि त्या यंत्राच्या काळ्या काचेतून क्षणोक्षणी आत डोकावणाऱ्या एका घामाघूम इसमाने. त्याचा पेशा पुढे माझा झाला. मी सिनेमाचा ऑपरेटर.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात मारियस सेस्तिये यांनी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. चित्र निर्माण करणाऱ्यांची नावे त्याने यथास्थित जतन केली. मात्र ते चित्र गावोगावी, खेळामागून खेळ, पडद्यावर स्थिर धरून ठेवणाऱ्यांची नोंद ठेवण्याचे त्यास फारसे कारण पडले नाही.

मी काम शिकलो तेव्हा प्रकाश कार्बनचा असे. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर आणल्या की त्यांच्यामध्ये डोळे दिपविणारी ज्योत पेटे, मागील अंतर्गोल आरसा ती फितीवर एकवटी, आणि कांड्या जसजशा झिजत तसतसे मधले अंतर राखण्यासाठी मूठ हलकेच फिरवीत राहावे लागे. हात किंचित आळसावला की पडद्यावरील नायिकेचे मुख पिवळे पडे. सेकंदाला चोवीस चित्रे, मिनिटाला नव्वद फूट फीत. दोन हजार फुटांचे रीळ जेमतेम बावीस मिनिटांत संपे, आणि तेथे खरी परीक्षा असे. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या अंगास, एक ठिपका क्षणभर चमकून जाई. त्यासरशी दुसरे यंत्र चालू करावयाचे, मनातल्या मनात सात-आठ सेकंद मोजावयाचे, आणि दुसरा ठिपका दिसताच एकाचा झरोका मिटून दुसऱ्याचा उघडावयाचा. हा सांधा ज्यांस दिसला नाही त्यांनी मला, नकळत का होईना, उत्तम दाखला दिला असे मी समजत असे.

तंबूतील प्रेक्षक मात्र चूक माफ करीत नसत. फीत तुटली, आवाज बसला, चित्र अस्पष्ट झाले, की "ऑपरेटर! फोकस!" अशी आरोळी उठे. त्या आरोळीचा मला कधी राग आला नाही. पाठीमागे कोणी जबाबदार माणूस आहे, याची ती कबुली होती.

आता मी कल्याणकडील एका मल्टिप्लेक्समध्ये आहे. फितीच्या जड पेट्या गेल्या. चित्रपट तळहाताएवढ्या डिस्कमध्ये येतो, त्याची किल्ली निराळी येते, आणि ती किल्ली ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या मुदतीपर्यंतच चालते. एखाद्या सरकारी परवान्यासारखीच म्हणा ना. खेळ आपोआप सुरू होतात, दिवे आपोआप मंदावतात. झेनॉनचा दिवा बदलण्याचे काम तेवढे अद्याप जुन्या दक्षतेचे आहे: काचेच्या आत वायू प्रचंड दाबाने कोंडलेला, म्हणून तोंडावर ढाल व हातांत जाड मोजे घालून तो बसवावा लागतो, आणि काचेला उघड्या बोटाचा स्पर्श झाला तर त्वचेचा तेलकट डाग राहून, तापलेली काच तेथेच दगा देते.

एके दुपारी मी दुसऱ्या पडद्याच्या कामात गुंतलो असताना, एका पडद्याच्या यंत्राने रुंद चित्राची भिंगयोजना कायम ठेवून कमी रुंदीचे चित्र लावले. पात्रांची मस्तके पडद्याच्या वरच्या काळ्या कापडावर गेली. नियंत्रण-फलकावर सारे हिरवे, म्हणजे सर्व ठीक. आणि सभागृहातील वीस-पंचवीस माणसे सुमारे दहा मिनिटे निमूटपणे बिनमस्तकाची माणसे पाहत बसली. कोणी ओरडले नाही. मागे कोणी आहे, असे आता कोणास वाटतच नाही, हे त्या शांततेने मला सांगितले, आणि मी फार व्यथित झालो. यंत्र चित्र दाखविते. ते नीट दिसते की नाही, हे पाहावयास डोळाच लागतो.

तेव्हापासून मी दर खेळाच्या आरंभी केबिन सोडून खाली जातो, मागच्या भिंतीस टेकून उभा राहतो, चौकट, प्रकाश, आवाज तपासतो, आणि मगच वर परततो. पाच पडद्यांसाठी हा फेरा घालावयाचा म्हणजे दिवसाकाठी बरेच जिने होतात. पण आता ती सवय अंगवळणी पडली आहे.

रात्रीचा अखेरचा खेळ संपला की दिवा विझतो. परंतु त्याचा पंखा आणखी दहा मिनिटे चालू ठेवावा लागतो, कारण दिव्यात उरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर तो खराब होतो. ती घरघर थांबेपर्यंत मी तेथेच बसतो. मग कुलूप लावून आसनगावला थांबणाऱ्या शेवटच्या कसारा गाडीसाठी स्टेशनची वाट धरतो.