फोटोच्या कडेला उभी असलेली पोरगी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेलं भाषण)



'तुम्ही बँकेतला माणूस, कथा कुठून सुचतात?' असं मला पार्किंगमध्ये नेहमी विचारलं जातं. आज माईक हातात आहे, तर उत्तर देऊन टाकतो.

बँकेत माझं काम शेतीकर्जाचं. मोटारसायकलवर पाथरी, सोनपेठ, पालमकडची गावं पालथी घालायची. म्हशीसाठी कर्ज दिलं की फाईलला फोटो लागायचा. शेतकरी आणि म्हैस शेजारी-शेजारी उभे करायचे. शेतकऱ्याचे डोळे मिटले तरी चालायचे, पण म्हशीच्या कानातला विम्याचा बिल्ला स्पष्ट दिसला पाहिजे! छत्तीस फोटोंचा रोल असायचा, त्यामुळे एकही फोटो वाया घालवायचा नाही.

एकदा वर्षभरानं तपासणीला गेलो, तर दावण रिकामी. विचारलं तर तो शेतकरी खाली बघत म्हणाला, "इकली साहेब. लेकीला परभणीला शिकायला ठिवलं." मी अहवालात लिहिलं, 'तारण जागेवर आढळले नाही.' नियमानं ते बरोबरच होतं. पुढे त्याला वसुलीची नोटीस गेली.

नंतर फाईल उघडून जुना फोटो पाहिला. कडेला, अर्धी कापली गेलेली, दप्तर घेतलेली पोरगी उभी होती. फोटो मीच काढलेला, पण ती मला तेव्हा दिसलीच नव्हती.

त्या रात्री मी पहिली कथा लिहिली. गाव बदललं, नावं बदलली, म्हशीच्या जागी बैल घातले. पोरगी तेवढी तशीच ठेवली. माझ्या कथेनं ती नोटीस काही मागे गेली नाही, हेही खरं सांगतो. पण पुढच्या प्रत्येक गावात फोटो काढून झाल्यावर मी पाच मिनिटं जास्त थांबायला लागलो. चहा घेतला की माणसं बोलतात. अहवालाला जागा तीन ओळींची असायची, उरलेलं सगळं माझ्या वहीत यायचं.

हे माझ्यासारख्या हौशी माणसाचं झालं. मोठ्यांचं बघा. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ १९१३ साली जन्मले. पोटासाठी निजामी राजवटीत बांधकाम खात्यात नोकरी केली आणि १९५३ साली, जेमतेम चाळिशीत, ते गेले. एवढ्या थोड्या आयुष्यात, नोकरी सांभाळून, त्यांनी कविता, कथा आणि 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी लिहिली. आपल्याच जिल्ह्यातले आसाराम लोमटे पत्रकार. त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बातमीसाठी गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला बातमीत न मावणारं किती दिसत असेल! व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात होते. ते रानात भटकायचे, हातानं चित्रं काढायचे. चित्र काढायचं तर एकाच गोष्टीकडे बराच वेळ बघावं लागतं. त्यांच्या लिहिण्यात ती नजर दिसते.

म्हणून लेकरांनो, लेखक व्हायला नोकरी सोडावी लागते असं नाही. नोकरीच आपल्याला अनोळखी उंबऱ्यापर्यंत नेते. मोबाईलमध्ये फोटो जरूर काढा, पण काढल्यावर मोबाईल खिशात ठेवा आणि जरा बघा.

आता शेवटचं. बाहेर आपल्या पंचवीस वर्षांचे फोटो लावलेत. त्यात भूमिपूजनाचा एक आहे. सगळे संस्थापक सभासद हार घालून उभे आहेत. मागे एक बाई आहे, डोक्यावर घमेलं आणि कडेवर लेकरू. आज सकाळपासून मी चार-पाच ज्येष्ठांना विचारलं, तिचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. आपण राहतो त्या भिंतींचं सिमेंट तिनं वाहिलेलं आहे. कुणाला काही आठवलं, तर जेवणाच्या पंगतीत मला जरूर सांगा. वही सोबत आणली आहे.