किल्ला आणि कोठार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. दरवर्षी या दिवशी मी चहाच्या पातेल्यापाशी असते आणि तेथूनच तुमची भाषणे ऐकते. यंदा अध्यक्षाबाईंनी मला न विचारताच माझे नाव लिहून टाकले, तेव्हा बोलणे भाग आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या मुलाला शाळेत बक्षीस म्हणून युरोपातील जुन्या किल्ल्यांवरचे एक पुस्तक मिळाले. दुपारी तांदूळ निवडता निवडता मी ते वाचू लागले आणि मग गोडीच लागली. आणखी दोन पुस्तके वाचनालयातून आणवली. एक मैत्रीण मला म्हणाली, "अगं, किल्ले नि लढाया हा पुरुषांचा विषय, तू त्यात कशाला शिरतेस?" तिला मी तेव्हा उत्तर दिले नाही. आज देते.

किल्ला घ्यायचा म्हणजे काय करायचे? तट चढायचा, तट फोडायचा, तटाखालून शिरायचे, नाहीतर आतल्यांना उपाशी मारायचे. चढण्यासाठी शिड्या आणि चाकांवर ढकलत न्यायचे लाकडी मनोरे असत. दरवाजा फोडायला मोठा ओंडका दोरांनी टांगून त्याचे धक्के देत. लांबून दगड फेकायला ट्रेबुशे नावाचे यंत्र होते. ते मला चटकन समजले, कारण माझ्या माहेरी कोकणात विहिरीवर लाट होती. एका टोकाला जड दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला पोहरा. दगडाचे टोक खाली आले की पोहरा आपसूक वर येतो. ट्रेबुशे म्हणजे तीच लाट, फक्त फार मोठी, आणि पोहऱ्याच्या जागी गोफण. १३०४ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या किल्ल्यासमोर असे एक प्रचंड यंत्र उभारले. आतले लोक शरण यायला तयार झाले, तरी यंत्र चालवून पाहिल्याशिवाय त्याने शरणागती घेतली नाही.

आतले लोकही गप्प बसत नसत. भोवती खंदक, जाड तट, बुरूज, बाण सोडायला भिंतीत उभ्या अरुंद फटी. तटाच्या माथ्यावर बाहेर काढलेल्या सज्जांना खाली भोके ठेवीत आणि त्यांतून दगड, उकळते पाणी, तापलेली वाळू आणि चुन्याची कळी खालच्यांच्या डोक्यावर टाकीत. उकळत्या तेलाच्या गोष्टी आपण ऐकतो, पण तेल तेव्हाही महागच होते. कढईभर तेल शत्रूवर ओतायचे म्हटले तर कोठीवरच्या माणसाचा जीव वरखाली झाला असेल!

आता तीन किल्ल्यांच्या हकिकती सांगते.

पहिला किल्ला इंग्लंडमधील रोचेस्टरचा. तेथील बालेकिल्ला सुमारे ११३ फूट उंच आणि भिंती बाराएक फूट जाड. १२१५ साली जॉन राजाविरुद्ध उठलेल्या सरदारांनी तो धरून ठेवला होता. दगड फेकून काही साधेना, तेव्हा राजाने बुरुजाखाली भुयार खणवले. खणताना वरची भिंत पडू नये म्हणून लाकडी टेकू देत आणि काम झाले की ते टेकूच जाळून टाकीत. टेकू गेले की बुरूज बसला! आग भडकावी म्हणून राजाने नोव्हेंबरात पत्र पाठवले, की खाण्याला सर्वांत कमी चांगली अशी ४० लठ्ठ डुकरे ताबडतोब पाठवा. त्यांच्या चरबीवर आग पेटली आणि बालेकिल्ल्याचा एक कोपरा कोसळला. तरीही आतले लोक मधल्या आडभिंतीमागे सरून लढत राहिले. शेवटी घोडे खाऊन झाले, तेव्हा भुकेने ते शरण आले. पुढे तो कोपरा गोल बांधला. आजही त्या बालेकिल्ल्याचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो.

दुसरा किल्ला स्कॉटलंडमधील डनबारचा. १३३८ च्या जानेवारीत इंग्रज सरदार सॉल्सबरी फौज घेऊन आला, तेव्हा किल्ल्याचा मालक बाहेर होता आणि घरात त्याची बायको ॲग्नेस. हिने किल्ला पाच महिने लढवला. शत्रूचे दगड तटावर आपटले की तिच्या दासी नटूनथटून तटावर येत आणि रुमालांनी तेथली धूळ झटकीत, अशी कथा तिकडे सांगतात. तटाला भगदाड पाडायला शत्रूने जाड छपराचा एक गाडा आणला. त्याला ते लोक 'डुकरीण' म्हणत. ॲग्नेसने त्यावर भला मोठा दगड सोडला, गाड्याचे छप्पर मोडले आणि खालची माणसे पळत सुटली. पण नुसत्या धैर्याने पाच महिने निघत नाहीत. धान्य संपत आले, तेव्हा एक स्कॉटिश सरदार रात्री समुद्रातून होडीने अन्न घेऊन आत शिरला. जून महिन्यात सॉल्सबरी वेढा उठवून निघून गेला.

तिसरी हकिकत सांगताना मात्र माझा आवाज बसतो. फ्रान्समध्ये सेन नदीच्या काठी उंचावर गायार्द नावाचा किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड याने तो ११९६ ते ११९८ अशा दोन वर्षांत बांधला. १२०३ साली फ्रान्सच्या फिलिप राजाने त्याला वेढा घातला, तेव्हा खालच्या गावातले शेकडो लोक जीव वाचवायला आत आले. किल्लेदार रॉजर याने कोठार मोजले. एवढी तोंडे पोसली तर शिपायांना पुरणार नाही, असे त्याला दिसले. म्हणून जे लढू शकत नाहीत त्यांना, म्हणजे म्हातारेकोतारे, बायका आणि मुले यांना त्याने बाहेर काढले. पहिल्या टोळ्यांना फ्रेंचांनी जाऊ दिले. मग फिलिपचा हुकूम आला, की यापुढे कोणालाही सोडू नका. शेवटच्या टोळीत चारशेच्या वर माणसे होती. पुढून बाण आले म्हणून ती मागे फिरली, तो किल्ल्याचा दरवाजा बंद! दोन्ही फौजांच्या मधल्या उतारावर, खळग्यांत, ऐन थंडीत ती माणसे पालापाचोळा खाऊन राहिली. पुष्कळ मेली. १२०४ च्या फेब्रुवारीत फिलिपने उरलेल्यांना भाकरी देववून सोडून दिले. आणि एवढे करून किल्ला वाचला का? नाही. ६ मार्च १२०४ रोजी तो पडलाच.

भगिनींनो, त्या रॉजरला मी मनात शिव्या देत होते. पण देता देता थांबले. २६ जुलै २००५ चा पूर तुम्हाला आठवतो. तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. खालच्या बिऱ्हाडात पाणी शिरले आणि ती पाच माणसे, त्यांत एक म्हाताऱ्या आजी, आमच्या दाराशी आली. कडी वाजली. मी आधी स्वयंपाकघरात गेले, तांदळाचा डबा उघडून आत हात घातला, पिठाचा डबा पाहिला आणि मग दार उघडले. तेवढा वेळ आजी ओल्या लुगड्याने जिन्यात उभ्या होत्या. त्या रात्री खिचडी पातळ झाली, पण नऊ जणांना पुरली. डबा पाहिल्याचे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, घरातही नाही. आजी आता नाहीत. आज तुमच्यापुढे सांगून टाकले.

म्हणून मैत्रिणीला माझे उत्तर असे, की किल्ल्याची लढाई अर्धी तटावर होते आणि अर्धी कोठारात. कोठाराचा हिशेब आपण रोज करतो. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

शेवटी सभेपुढे एक सूचना ठेवते. मंडळाच्या कपाटाशेजारी दोन पिंपे रिकामी पडली आहेत. प्रत्येक घरातून पावसाळ्याच्या तोंडी एक शेर तांदूळ आणि पावशेर डाळ आपण त्यांत टाकावी, आणि दिवाळीला ती काढून वापरावी, म्हणजे किडणार नाही. पूर येवो, आजारपण येवो, कोणाच्या घरचे काम सुटो, दार वाजले तर कोणीही आधी डबा पाहायला जाऊ नये. पिंपे घासून उन्हात वाळवण्याचे काम मी माझ्याकडे घेते.

 आता चहा घ्या. चहा मीच टाकून आले आहे.