घरबसल्या भाषाविज्ञान



भाषाविज्ञान आणि भाषाध्यापन या दोन विषयांची एकत्रित पदवी घरी बसून, संगणकाच्या पडद्यासमोर, संपादन करावी काय, आणि करावयाची झाल्यास ती कोणत्या विद्यापीठाकडून, असा प्रश्न अलीकडे पुष्कळ तरुण शिक्षक विचारू लागले आहेत. त्यांतील अनेकांचा इरादा अन्यभाषकांना मराठी शिकविण्याचा असतो आणि त्याला सबळ कारणही आहे. महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाल्यापासून, घरी तमिळ, बंगाली किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलास मराठी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी, हे जाणणाऱ्या अध्यापकाची निकड शहरोशहरी भासू लागली आहे. मातृभाषा उत्तम येते, एवढ्याच भांडवलावर हे काम होण्यासारखे नाही. ‘तो आंबा खातो’ परंतु ‘त्याने आंबा खाल्ला’, आणि तरीही ‘मी आंबा खाल्ला’, हे आपण सारे बिनचूक बोलतो. तो ‘ने’ कोठे लागतो आणि कोठे गळतो हे दहा वर्षांच्या परभाषक मुलीने विचारले, म्हणजे मात्र आपल्यापैकी बहुतेकांची वाचा बसते.

दूरस्थ शिक्षणाकडे नाक मुरडण्याचे दिवस वास्तविक केव्हाच संपले आहेत. लंडन विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांना पदवीचे द्वार १८५८ साली खुले केले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण १९६२ मध्ये आरंभिले, आणि पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. टपालाची जागा आंतरजालाने घेतली, इतकाच काय तो फरक.

मान्यतेची खातरजमा ही रुक्ष पण टाळता न येणारी बाब आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २०२० सालचे आहेत, आणि त्यांच्या चौकटीत मिळालेली पदवी नियमित वर्गांतील पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरही केले आहे. तथापि संस्था नामांकित आहे एवढ्याने भागत नाही. नेमका तो अभ्यासक्रम, नेमक्या त्या सत्रापुरता, आयोगाच्या यादीत आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून रक्कम भरू नये. शिवाय भाषाविज्ञानाची एम. ए. पदवी म्हणजे शाळेत शिकविण्याचा परवाना नव्हे, त्याकरिता बी. एड. सारखी शिक्षणशास्त्राची अर्हता निराळी लागते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. जाहिरातींत हे तपशील बहुधा बारीक अक्षरांत असतात, किंवा मुळीच नसतात.

आता शास्त्राकडे वळू. भाषाविज्ञान दुरून शिकता येते काय? माझ्या मते, वाक्यविचार आणि अर्थविचार तर येतोच येतो, कारण त्यांस उत्तम ग्रंथ, एकांत आणि चुका दाखविणारा गुरू यांपलीकडे फारसे काही लागत नाही. खरी कसोटी ध्वनिविज्ञानाची. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ या शब्दांतील च आपण एकाच अक्षराने लिहितो. परंतु उच्चारताना जीभ एकदा टाळूकडे, तर एकदा दातांच्या मुळाशी जाते, आणि हा भेद छापील पानावरून कोणासही उमजत नाही. भाषाशास्त्रज्ञ डॉ. ना. गो. कालेलकरांचा ‘ध्वनिविचार’ हा ग्रंथ वाचतानाही जीभ, ओठ आणि कान यांना कामास लावावेच लागते. सुदैवाने आम्स्टरडॅम विद्यापीठातील दोन संशोधकांनी रचलेली ‘प्राट’ नावाची संगणकप्रणाली आज विनामूल्य मिळते. तिच्यात आपला उच्चार ध्वनिमुद्रित करून क आणि ख यांमधील श्वासाचा अवधी सेकंदाच्या सहस्रांशांत मोजता येतो, आणि हे काम जत किंवा किनवट येथे बसूनही तितकेच नीट होते. ज्या अभ्यासक्रमात असे प्रात्यक्षिक नाही, केवळ चित्रफिती पाहून बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत, त्याने विद्यार्थ्याला पारिभाषिक संज्ञा येतील, कान येणार नाही.

या शास्त्राचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. त्याची सामग्री विद्यापीठाच्या इमारतीत नसतेच. ती खानदेशात अहिराणी बोलणाऱ्यांच्या ओसरीवर असते, गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्यांच्या गावी असते, मेळघाटात कोरकूच्या रूपाने मुंडा कुळातील भाषा नांदते, आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली बोलली जाते, जिचे नाते आजवर जगातील कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही. मेळघाटातल्या धारणीचा शिक्षक पुण्यापासून दूर असेल, पण कोरकूपासून तो दूर नाही. हा त्याचा लाभ आहे, आणि चांगला अभ्यासक्रम त्याला गावातल्याच भाषकांकडून सामग्री जमवून तिचे विश्लेषण करावयास लावतो. नोकरीही आड येण्याचे कारण नाही. १९५०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भाषाविज्ञानाची जी सुट्टीतील वर्गसत्रे भरविली, त्यांत भारतीय व अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी काही आठवड्यांतच देशभरच्या अध्यापकांना या शास्त्राची दीक्षा दिली. नोकरी न सोडता भाषावैज्ञानिक होता येते, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली होती.

भाषाध्यापनाची गोष्ट मात्र वेगळी. समोर खरे विद्यार्थी असल्याखेरीज आणि अनुभवी अध्यापक मागे बसून पाहत असल्याखेरीज शिकविणे येत नाही. तालमीवाचून कुस्तीवर व्याख्यान देणारा पहिलवान जसा, तसाच तो शिक्षक व्हावयाचा. केंब्रिजच्या इंग्रजी अध्यापनाच्या सुप्रसिद्ध ‘सेल्टा’ प्रमाणपत्रातसुद्धा, मग ते ऑनलाइन का घ्या ना, प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपुढे सहा तासांचे निरीक्षित अध्यापन अनिवार्य आहे. प्रमाणपत्राला जर सहा तास लागतात, तर त्याहून मोठ्या पदवीने याबाबतीत मौन पाळावे, हे मला तरी असमर्थनीय वाटते.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी संस्थेला एक लेखी पत्र पाठवावे. ध्वनिविज्ञानाचे प्रात्यक्षिक कोण तपासतो, उदाहरणे केवळ इंग्रजीची आहेत की भारतीय भाषांचीही, प्रत्यक्ष अध्यापनाचे तास किती, आणि ते कोणाच्या देखरेखीखाली, एवढेच त्यात विचारावे. पंधरा दिवसांत त्याचे स्पष्ट उत्तर न आल्यास ती संस्था सोडून द्यावी, मग तिचे शुल्क कितीही अल्प असो.