ऐंशी ते शंभर



लघुलेखन शिकणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज मला बोलायचं आहे. महाराष्ट्र शासनात लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्दांचा वेग लागतो, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२०. जाहिरातीत या पायऱ्या सारख्याच उंचीच्या दिसतात. शिकवताना वेगळं दिसतं. साठावरून ऐंशीवर मुलं उत्साहाने येतात. त्यापुढे मात्र अनेकांचा वेग महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. रोज डिक्टेशन घ्यायचं आणि रोज तेवढेच शब्द सुटायचे. घरातून विचारणा सुरू होते, ‘अजून किती दिवस हा क्लास?’ मग एखादी चांगली हुशार मुलगी यायचीच बंद होते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण सोडण्याची याहून चुकीची वेळ दुसरी नाही.

असं का म्हणते, ते सांगते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला होता. हार्टर स्वतः आधी तारेच्या कामात होते. शिकाऊ उमेदवार संदेश किती वेगाने पाठवतो आणि किती वेगाने ऐकून उतरवतो, याची त्यांनी आठवड्या-आठवड्याला मोजणी केली. निष्कर्ष १८९७ आणि १८९९ साली प्रसिद्ध झाले. ऐकण्याचा वेग आधी चढला, मग कित्येक आठवडे सपाट राहिला आणि नंतर पुन्हा चढला. ही सपाटी आली कुठे, तर तारेच्या मुख्य मार्गावर काम मिळायला जो किमान वेग लागे त्याच्या किंचित खाली. आपल्या ऐंशी-शंभराच्या मुलांना हे ऐकून ओळखीचं वाटेल.

ब्रायन-हार्टर यांनी कारण असं दिलं : नवशिका एकेक अक्षर ऐकतो. पुढे त्याला अख्खा शब्द ऐकू येतो आणि त्याही पुढे शब्दांचे समूह. पण खालची सवय पुरती अंगवळणी पडेपर्यंत लक्ष वरच्या गोष्टीकडे जायला मोकळं होत नाही. सपाटीच्या आठवड्यांत हे मुरण्याचं काम चालू असतं. वेगाच्या आकड्यात ते उमटत नाही, एवढंच.

आता आपल्या वहीकडे या. शंभराच्या वेगाला एका शब्दाच्या वाट्याला सेकंदाचे सहा दशांश येतात. पिटमन पद्धतीत ‘प’ची रेघ बारीक, ‘ब’ची जाड, शिवाय ती ओळीच्या वर की ओळीवर, यावर स्वर कळतो. प्रत्येक शब्दाला हे सगळं मनाशी ठरवत बसलं, तर हात ऐंशीच्या पुढे जाणारच नाही. तयार लघुलेखकाला ठरवावं लागत नाही. ‘या ठिकाणी मी सांगू इच्छितो’ हे अख्खं वाक्य हात न उचलता त्याच्या हातून उतरतं. विधिमंडळातल्या प्रतिवेदकांचं काम असंच चालतं. आणखी एक गोष्ट आहे, ती शिकणाऱ्याला सांगूनही पटत नाही. चांगला लघुलेखक बोलणाऱ्याच्या चार-पाच शब्द मागे असतो आणि निवांत असतो. मागचे शब्द कानात धरून ठेवायला तो शिकलेला असतो. ऐंशीवरचा विद्यार्थी दोन शब्द मागे पडला की घाबरतो, आणि त्या घाबरण्यातच पुढची ओळ जाते. मागे राहून शांत राहणं, हीच त्या अडलेल्या महिन्यांतली खरी शिकवण आहे, असं माझं मत आहे.

मात्र नुसती वाट पाहून वेग वाढेल, असं कुणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना तारेची मोर्स संकेतलिपी शिकवण्याची पद्धत बसवणारे मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९५८ साली लेख लिहून ही सपाटी अटळ असल्याचं नाकारलं. मला त्यांचंही म्हणणं मोलाचं वाटतं. पाठ झालेला उतारा पुन्हा पुन्हा ऐंशीनेच घेणं, हा वेळ घालवण्याचा प्रकार आहे. नवा उतारा घ्या. दोन-तीन मिनिटंच घ्या, पण शंभर किंवा एकशेदहाच्या वेगाने. शब्द सुटतील, सुटू द्या. मग वही नीट पाहा. सुटलेले शब्द बहुधा सगळीकडे विखुरलेले नसतात. एका अनोळखी शब्दाशी हात थबकतो आणि त्याच्यानंतरचे चार-पाच सलग जातात. म्हणजे चूक पाच शब्दांची दिसली तरी दुखणं एकाच शब्दाचं असतं. त्या शब्दाची आउटलाइन पानभर गिरवा, मोठ्याने म्हणत गिरवा, आणि तोच उतारा दुसऱ्या दिवशी परत घ्या.

अशा दिवसांत रोज वेग मोजू नये. आकडा हलत नाही हे रोज पाहिलं की मन खचतं. त्याऐवजी हाताला थांबवणाऱ्या शब्दांची यादी ठेवा आणि सुधारलेल्यांवर काट मारा. आठवड्याभरात प्रगती त्या यादीत दिसेल. स्वतःचं लिहिलेलं दोन दिवसांनी वाचून पाहा. ते न अडखळता वाचता आलं, तर रेघा पक्क्या होत आहेत.

घरच्यांना माझी विनंती आहे. या काळात मुलांना ‘वेग किती झाला?’ असं विचारू नका. संध्याकाळी दहा मिनिटं वर्तमानपत्र हाती घ्या, घड्याळ समोर ठेवा आणि त्यांना अग्रलेख वाचून दाखवा. डिक्टेशन द्यायला लघुलेखन यावं लागत नाही.

आणि ऐंशीवर येऊन ज्यांनी क्लास सोडला, अशी मंडळी आज ऐकत असतील, तर त्यांनी वही पुन्हा उघडावी. भरतीची जाहिरात येईल तेव्हा बघू, असं करू नका. जाहिरात आल्यावर जो वेळ हाती राहतो, त्यात शंभराचा वेग तयार होत नाही. आजच सुरू करा.